नामयाची दासी : जनाबाईच्या अभंगांतील स्त्रीत्व आणि श्रम

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे तालुक्याचे गाव होय. संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून परंपरा याच गावाचा निर्देश करते. दमा आणि करुंड ही तिच्या आईबापांची नावे. कुटुंब शूद्र व विठ्ठलभक्त. बापाने तिला लहानपणीच पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरी ठेवले, आणि नामदेवांच्या त्या घरात तिचे सारे आयुष्य गेले. शके १२७२, म्हणजे इ. स. १३५०, मधील आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांबरोबरच तिने देह ठेवला, असे वारकरी परंपरा मानते. चरित्र म्हणून सांगण्यासारखे एवढेच. त्यात विवाह नाही, सासर नाही, मूल नाही. मध्ययुगीन स्त्रीची ओळख ज्या तीन आधारांवर उभी राहत असे, ते तिन्ही येथे गैरहजर आहेत. मग जनाबाई स्वतःला स्त्री म्हणून कशाच्या आधारे ओळखते, हा प्रश्न तिच्या अभंगांच्या अभ्यासकाला टाळता येण्यासारखा नाही. तो आजवर बहुधा टाळला गेला आहे, कारण वाङ्मयेतिहासाने तिला नामदेवांच्या प्रभावळीतील एक गोड गळ्याची भक्त ठरवून तिच्यापुरती जागा नेमून दिली, आणि दळणकांडणाचे तिचे उल्लेख भक्तीच्या चित्रातील नक्षी म्हणून वाचले.

प्रथम मुद्रेचा विचार करू. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा म्हणजे कवीची सही. तत्कालीन आणि नंतरच्या संत कवयित्रींच्या मुद्रा पाहिल्या, तर बहुतेकींची ओळख नात्यातून आलेली दिसते. सोयराबाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवते. त्या दोन शब्दांत नवरा आणि जात अशा दोन्ही गोष्टी येतात. मुक्ताबाईच्या मागे निवृत्ती-ज्ञानदेव-सोपान ही भावंडे उभी असतात. सतराव्या शतकातील बहिणाबाईने आत्मचरित्रपर अभंग लिहिले, त्यांत नवऱ्याचा जाच आणि पतिव्रताधर्म यांचा झगडा अखेरपर्यंत चालू आहे. जनाबाईची मुद्राही षष्ठी विभक्तीतच आहे. ती ‘नामयाची जनी’ किंवा ‘नामयाची दासी’ आहे. परंतु ही षष्ठी रक्ताची नव्हे आणि विवाहाचीही नव्हे. ती मालकीची आहे. ‘दासी’ हा शब्द भक्तिवाङ्मयात इतका सैल झाला आहे की राजघराण्यातील मीराही स्वतःला दासी म्हणू शकते. जनीच्या बाबतीत मात्र तो रूपक होण्यापूर्वी व्यवहार आहे. तिने तो व्यवहार सहीत ठेवला, लपविला नाही.

येथे भाषेतील एका रूढीचाही उल्लेख करावयास हवा. मराठी समीक्षेत ‘नामदेवांनी रचले’ आणि ‘जनाबाईने रचले’ असे लिहिण्याची सवय पडून गेली आहे. पुरुष संताला आदरार्थी बहुवचन, स्त्री संताला एकवचन. प्रस्तुत लेखही त्या रूढीबाहेर नाही. एकवचनात जवळीक असते हे खरे. पण घरातील कामकरणीला मराठी माणूस ज्या एकवचनाने हाक मारतो, तेही हेच.

आता अभंगांतील मजकुराकडे वळू. सकलसंतगाथेत जनाबाईच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत. कृष्णजन्म, बालक्रीडा, थाळीपाक, प्रल्हादचरित्र, हरिश्चंद्राख्यान असे पौराणिक विषयही त्यांत येतात, आणि त्यांत ती परंपरेच्या वाटेनेच चालते. तिचे वेगळेपण कामाच्या अभंगांत आहे. दळणे, कांडणे, झाडणे, केर भरणे, पाणी आणणे, शेण वेचणे, धुणे धुणे ही सगळी कामे तेथे नावानिशी येतात, आणि प्रत्येक कामात विठ्ठल तिच्याबरोबर असतो. तो जात्याला हात लावतो, केर उचलतो, तिच्या केसांची गुंतवळ सोडवून उवा काढतो, वेणी घालतो.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. देवाने भक्ताचे काम करणे ही संतचरित्रांतील सर्वपरिचित कल्पना आहे. सेना न्हाव्याचे रूप घेऊन तो राजाची हजामत करतो, चोखामेळ्याबरोबर ढोरे ओढतो, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. मग जनीच्या जात्यावर त्याचा हात पडला, यात विशेष ते काय?

विशेष असे आहे की सेना न्हावी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार या नावांतच त्यांचे काम आहे. त्या कामाला गावगाड्यात स्थान होते, हत्यारे होती, मोबदल्याची काहीएक रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ती व्यवस्था तपशीलाने मांडली. तिच्यातला अन्याय त्यांतून दिसतो, पण काम हे काम म्हणून मोजले जात होते हेही दिसते. चोखामेळ्याच्या वाट्याला आलेले काम अत्यंत हीन मानले गेले, तरी त्याला जातीचे नाव होते. जनीच्या कामाला यांपैकी काहीच नाही. ‘जनी दळणारी’ असे नाव मराठीत होऊ शकत नाही, कारण दळणे हा व्यवसाय नसून बाईचे असणेच आहे असे गृहीत धरलेले आहे. न्हाव्याचे काम करणारा देव दुसऱ्या पुरुषाचे काम करतो. त्यासाठी त्याला जात ओलांडावी लागते. जात्यावर बसणाऱ्या देवाला त्याखेरीज आणखी एक रेषा ओलांडावी लागते. ‘हातात बांगड्या भर’ ही मराठीतील पुरुषाला दिली जाणारी शिवी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रेषेची जाडी कळते.

जात्याची रचनाही येथे बोलकी आहे. मोठे दळण असले की जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागतात, आणि एक हात मोकळा ठेवून घास घालतात. उखळावरही दोघी आळीपाळीने मुसळ मारतात. भरल्या घरात ही जोडी सासूसुनेची, जावाजावांची, नणंदाभावजयांची असते. दासीला जाऊ नसते, नणंद नसते. पहाटे अंधारात ती एकटीच जात्यापाशी बसते, आणि समोरची जागा रिकामी असते. विठ्ठल जनीच्या अभंगात येऊन बसतो तो त्या रिकाम्या जागेवर. म्हणून त्याचे स्त्रीरूप तेथे कल्पनेची भरारी वाटत नाही. कामाच्या रचनेतच ते अगोदर कोरलेले आहे. जनीने त्याला ‘विठाबाई’ म्हणावे यात नवल नाही. इतर संतांची ‘विठाई’ ही माउली आहे, ती वरून पान्हा सोडते. जनीच्या विठाबाईत माय आहेच, कारण आईबाप गेले, आता तूच सांभाळ, असे ती त्याला विनविते. पण तिच्यात जात्यापलीकडची जोडीदारीणही आहे, आणि जोडीदारीण वर नसते, समोर असते.

या ठिकाणी महाराष्ट्राबाहेर दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. ए. के. रामानुजन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या स्त्रीसंतांवरील निबंधात एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. भक्तिमार्गात पुरुष संताला स्त्री व्हावे लागते. विरहिणी, गौळण, नववधू यांची भाषा बोलल्यावाचून त्याला देवाजवळ जाता येत नाही. स्त्री संताला असे काही व्हावे लागत नाही. स्त्री संतांच्या चरित्रांत त्यांना एक सामान्य क्रमही आढळला : बालपणीच देवाला वाहून घेणे, मानवी विवाहाला नकार, लोकरीतीचा भंग, दीक्षा, आणि शेवटी देवाशी विवाह. बाराव्या शतकातील कन्नड वचनकार अक्कमहादेवी आणि तमिळ आंडाळ यांना हा क्रम चांगला लागू पडतो.

जनाबाईला तो लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे पाहण्यात खरा लाभ आहे. विवाहाला नकार देण्यासाठी आधी विवाहाची बोलणी व्हावी लागतात. नकार हा कुलीन स्त्रीचा अधिकार आहे. दासीच्या पुढे तो प्रसंगच उभा राहत नाही. म्हणून अक्कमहादेवीप्रमाणे राजाला झिडकारण्याचे नाट्य तिच्या चरित्रात नाही, आणि देवाला नवरा मानण्याची भाषाही तिच्या अभंगांत मुख्य नाही. मराठीत गौळणी आणि विरहिणी ज्ञानदेवांच्या नावावर आहेत, एकनाथांच्या नावावर आहेत. अर्थात पुरुष संतांनी स्वतःचे लिंग पालटून जे साधले, ते जनीने देवाचे लिंग पालटून साधले. आणि पालटले तेही शृंगाराच्या वाटेने नव्हे, कामाच्या वाटेने. भारतीय भक्तिवाङ्मयात ही वाट विरळा आहे.

घराच्या आत हे असे. घराबाहेर स्त्रीत्वाचा दुसरा हिशेब सुरू होतो, आणि जनाबाई त्यालाही सामोरी जाते. तिच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरला आहे, हातात टाळ आणि वीणा आहेत, आणि ती भर बाजारात जायला निघाली आहे. कुणी मना करील तर पाहून घेऊ, असा सूर आहे. अखेरीस ती स्वतःसाठी वेश्यावाचक शब्द वापरते आणि त्याच नावाने देवाच्या घरी येते. या अभंगाची चर्चा बहुधा ‘भक्तीतील बेहोषी’ एवढ्यावर संपते. ते अपुरे आहे. पदर सोडून बाजारात एकट्याने गाणाऱ्या स्त्रीसाठी त्या समाजाच्या भाषेत एकच शब्द शिल्लक होता. लोक तो उच्चारण्यापूर्वीच तिने उच्चारला, आणि त्यामुळे लोकांच्या हातातले हत्यार निकामी झाले. हा भावनेचा उद्रेक जितका आहे, तितकीच ती नेमकी खेळी आहे. दासीला बाजारात जावेच लागते, पाण्याला आणि शेणाला बाहेर पडावेच लागते. कुलीन स्त्रीचे पदराआड राहणे तिला परवडणारे नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

तिच्या शिव्यांचा विचारही याच अंगाने करता येतो. विठ्ठल हाकेला येत नाही तेव्हा ती त्याला अरेतुरे करते, त्याच्या नावाने बोटे मोडते, त्याची बायको विधवा होवो अशी गळाकाढू शिवी हासडते. हे पाणवठ्यावरचे भांडण आहे. पुरुष संतही देवाशी भांडतात, पण त्यांच्या भांडणात ऋणको-धनकोची, पतित-पावनाची वादाची भाषा असते. जनीची शिवी दुसऱ्या बाईच्या कुंकवावर जाते, कारण स्त्रियांच्या जगात सर्वांत दाहक शाप तोच आहे. स्त्रीजन्म आला म्हणून खिन्न होऊ नये, असेही तिने एके ठिकाणी सांगितले आहे, आणि तो अभंग आज सभासंमेलनांतून पुष्कळ उद्धृत होतो. शिव्यांचा अभंग होत नाही. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय तिच्या स्त्रीत्वाचे मोजमाप घेता येत नाही.

महिपतीने शके १६८४, म्हणजे १७६२, मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात जनाबाईच्या कथा येतात. त्यांतील पदकाची कथा समाजाच्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखी आहे. रात्री जनीकडे आलेला देव पहाटेच्या घाईत आपले रत्नजडित पदक तिथेच विसरतो आणि तिची वाकळ पांघरून निघून जातो. देवळात पदक नाही म्हणताच संशय कुणावर, तर जनीवर. तिची झडती होते, पदक सापडते, आणि तिला सुळावर देण्यासाठी भीमेच्या वाळवंटात नेतात. तेथे सुळाचे पाणी होते. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेची चौकट शिल्लक राहतेच : घरातली वस्तू हरवली की पहिला संशय कामवालीवर. ही चौकट महिपतीला कुणाला समजावून सांगावी लागली नाही, श्रोत्यांना ती ठाऊकच होती. आजही ती समजावून सांगावी लागत नाही.

येथवर ‘जनाबाई म्हणते’ असे सरळ लिहिले. संशोधनाच्या शिस्तीत त्याला एक अट जोडावी लागते. तिच्या काळातील हस्तलिखित उपलब्ध नाही. अभंग शतकानुशतके कीर्तनांतून, वह्यांतून आणि लोकांच्या तोंडून वाहत आले, आणि छापील परंपरेत ते बहुधा नामदेवांच्या गाथेला जोडून आले. ‘नामयाची जनी’ या मुद्रेखाली नंतरच्या कुणी रचना केल्या असतील, तर त्या वेगळ्या काढण्याचे निश्चित साधन नाही. ख्रिश्चन नोव्हेत्झके यांनी नामदेवांवरील २००८ सालच्या ग्रंथात अशा संतनामांकडे सार्वजनिक स्मृतीचे वाहक म्हणून पाहावे, अशी भूमिका मांडली. कीर्तनाच्या परंपरेत कर्तृत्व हे एका व्यक्तीपाशी थांबत नाही. ही भूमिका जनाबाईला लावताना मात्र सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. नामदेवांचे कर्तृत्व अनेकांत वाटले गेले, तरी नामदेवांचे काही कमी होत नाही. ज्या स्त्रीचे श्रम आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी जमा झाले, तिचे शब्दही ‘परंपरेचे’ म्हणून वाटून टाकणे निराळे आहे.

या संदर्भात तिच्याच नावावरील एक अभंग पुराव्यासारखा पुढे येतो. कोणत्या संताचे अभंग कोण लिहून घेत असे, याची त्यात यादी आहे. ज्ञानदेवांचे चिदानंदबाबा, सावता माळ्याचे काशिबा गुरव, चोखामेळ्याचे अनंतभट्ट, अशी एकेकाची नावे येतात. आणि जनीचे? तिचे अभंग पांडुरंग स्वतः लिहितो. भाविकाला यात गौरव दिसतो आणि तो चुकीचा नाही. पण यादी म्हणून वाचली, तर तिच्या नावापुढे माणूस लेखक नाही. महार चोखोबांना ब्राह्मण लेखक मिळाला. दासीला कोणी मिळाला नाही, म्हणून देवाला बसावे लागले.

देवाखेरीज आणखी कुणी तिचे शब्द सांभाळले असतील, तर ते जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांनी. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा ओव्यांच्या संकलनाचे मोठे काम उभे केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. या ओव्यांत जनी वारंवार येते, आणि अभंगांतल्याहून थोडी निराळी होऊन येते. तेथे रुक्मिणीला संशय आहे. ही जनी तुमची कोण, असे ती नवऱ्याला विचारते; आणि विठ्ठल सांगतो की ते एक पाखरू आहे, रात्रीपुरते वस्तीला आले आहे. अभंगांत या संशयाला फारसे स्थान नाही. ओव्यांत तो मध्यभागी का आला? ओवी गाणारी स्त्री बहुधा लग्नाची आहे. कामाच्या बाजूने ती जनी आहे आणि कुंकवाच्या बाजूने रुक्मिणी आहे. मालकाच्या घरी रात्री राहणाऱ्या पोरक्या बाईभोवती कोणता धोका असतो, हे तिला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. अभंगाने जे सांगितले नाही, ते ओवीने सांगितले, आणि तेही निवाडा न देता. रुक्मिणीचा संशय खोटा ठरतो, पण तिला कोणी मूर्ख म्हणत नाही. डॉ. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरा आणि संत कवयित्री यांचा विचार स्त्रीच्या आत्मस्वराच्या अंगाने केला आहे. अभंग आणि ओवी शेजारी ठेवून वाचण्याची ही पद्धत मराठवाड्यातील सामग्रीलाही लावून पाहण्याजोगी आहे.

त्यासाठी परभणी जिल्हा सोयीचा आहे. नामदेवांचे परंपरागत जन्मस्थान नरसी बामणी आणि विसोबा खेचरांची कथा ज्या औंढा नागनाथाशी जोडली जाते ते क्षेत्र, ही दोन्ही १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होती. मालकाचे गाव आणि दासीचे गाव अशी दोन्ही एकाच प्रदेशात असताना, त्या परिसरातील वयस्क स्त्रियांच्या तोंडी जनीच्या कोणत्या ओव्या आहेत आणि नामदेवांच्या कोणत्या, हा तुलनेचा विषय पदव्युत्तर अभ्यासकाला घेता येईल. मात्र वेळ थोडा आहे. पिठाची गिरणी गावोगाव आल्यापासून पहाटेचे दळण थांबले आणि त्याबरोबर ओवीचे कामही थांबले. जाते आता लग्नातल्या हळदीपुरते निघते. गिरणीने बाईचे कष्ट वाचविले, यात शंका नाही, आणि ओवी वाचावी म्हणून जाते परत यावे असे कोणी म्हणू नये.

काम मात्र संपलेले नाही, आणि त्याला नावही अद्याप मिळालेले नाही. भारताच्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातील विनामोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले.

पंढरपुराजवळ गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवितात. यात्रेकरू त्याच्या खुंट्याला हात लावतात, एखादा फेरा फिरवितात. स्त्रिया फिरवितात, तसे पुरुषही फिरवितात.